आडवं येण्याचा नियम

१

तिनं एकदा नवस केला होता. तसे नवस तिनं आयुष्यात पुष्कळ केले, आणि केले तसे फेडलेही. पण हा एक असा होता की ती रोज फेडत होती आणि तरी तो फिटत नव्हता.

थोरला तेव्हा साडेचार वर्षांचा. दुसऱ्या मजल्याच्या गॅलरीतून खाली पडला आणि तीन दिवस त्यानं डोळे उघडले नाहीत. डॉक्टर यायचे, पापणी वर करून बघायचे आणि तिच्याकडे न बघता निघून जायचे. चौथ्या दिवशी सकाळी दवाखान्यातल्या लाकडी बाकावर ती बसली होती. मांडीवर अकरा महिन्यांची धाकटी, आईच्या पदराचं टोक चोखत. तिथंच तिनं डोळे मिटले आणि म्हणाली, "आठवड्यातला एक दिवस जन्मभर अळणी जेवीन. रोज एक माळ ओढीन. माझ्या पोराला सोड. काय न्यायचं असेल ते दुसरीकडून ने."

दुपारी थोरल्यानं पाणी मागितलं.

तेव्हापासून सव्वीस वर्षं तिची माळ चुकली नाही. एकशे आठ मणी आणि दर मण्याला तेच शब्द: पोराला सोड, दुसरीकडून ने. मुलगा धडधाकट वाढला, मिशा फुटल्या, चष्मा लागला. पण शब्द तेच राहिले. ज्या शब्दांनी काम झालं ते बदलायची तिची छाती होत नव्हती. एकदा माळ तुटली, तेव्हा तिनं ती लाल दोऱ्यानं ओवून गाठ मारली. त्यातलाही एक मणी तिनं हरवू दिला नाही.

२

थोरल्याचा धंदा असा, की नातेवाइकांना तो समजावून सांगता सांगता तिची भाजी करपायची. टेबलाभोवती चारपाच जण बसतात. प्रत्येक जण एकेक योद्धा होतो, वैद्य होतो, चोर होतो. एक जण गोष्ट सांगतो, बाकीचे त्या गोष्टीत शिरतात, आणि अडलं की फासा टाकायचा. तलवार लागली का? फासा. दार उघडलं का? फासा. या खेळांचे नियम कुणीतरी लिहावे लागतात. ते थोरला लिहायचा.

"म्हणजे मोठ्यांची भातुकली," वडील म्हणायचे. ते निवृत्त झाल्यापासून वर्तमानपत्र सकाळी एकदा वाचायचे आणि दुपारी तपासायचे.

"भातुकलीत कुणी मरत नाही, बाबा."

"तू आमच्या लहानपणी नव्हतास म्हणून म्हणतोस."

थोरल्याचा पहिला खेळ छापून आला आणि लोकांनी त्याची रेवडी उडवली. त्यात प्रत्येक योद्ध्याला चाळीस दम होते. वार बसला की दम कमी होणार. पण एक दम उरलेला माणूस चाळीस दमवाल्याइतकाच जोरात पळायचा, भिंती चढायचा, गाणी म्हणायचा. दम संपले की धाडकन मेला. मधे काहीच नाही. कुणीतरी लिहिलं होतं, "या लेखकाला आयुष्यात कधी साधं खरचटलेलंही दिसत नाही."

ते त्याला लागलं. खोटं असतं तर लागलं नसतं. गॅलरीतून पडल्यानंतर त्याला खरोखरच कधी काही झालं नव्हतं.

म्हणून या दुसऱ्या खेळात त्यानं जखमांचे नियम करायला घेतले. प्रकाशकानं फोनवर बजावलं होतं, "जखम म्हणजे नुसता आकडा नको. खेळणाऱ्याला ती पुढच्या दहा डावांत आठवली पाहिजे. शुक्रवारपर्यंत द्या, नाहीतर मी दुसऱ्या कुणाकडून लिहून घेईन." पण जखम फार जड केली, तर एकदा जखमी झालेला पुन्हा पुन्हा जखमी होत घसरगुंडीवरून खाली जातो आणि खेळण्यात राम उरत नाही. हलकी केली की पुन्हा रेवडी. थोरला दिवसभर या दोन्हींच्या मधे हेलपाटे घालायचा.

आणि दुखणं कसं असतं ते माहीत नसल्यामुळे तो बहिणीला विचारायचा.

धाकटी मागच्या खोलीत घड्याळं दुरुस्त करायची. टेबलावर दिवा, उजव्या डोळ्याला भिंग, भिंतीभर लोकांची घड्याळं, प्रत्येकाची टिकटिक वेगळी. घरात तिला सगळे धडपडी म्हणत. सारखी पडायची, आपटायची, म्हणून.

थोरला तिच्या दाराशी उभा राहून विचारायचा, "धडपडे, फासळी मोडली की नेमकं काय होतं गं?"

"शिंक यायला लागली की देव आठवतो."

"वा! आणि कॉलरबोन?"

"ब्लाउज घालायला आई लागते. सव्वीस वर्षांच्या घोडीला." मग ती भिंगातून नजर न काढताच म्हणायची, "तुझ्या योद्ध्यांना ब्लाउज नसतील. तू लिही, चिलखत दुसऱ्यानं चढवावं लागतं."

तो ते लिहून घ्यायचा.

३

तक्ता तयार झाला. तीन फासे एकदम टाकायचे. हिरवा फासा सांगणार, वार कुणावर: एक ते चार हे चार मोहरे, पाच-सहा आलं तर वार हवेत. लाल फासा सांगणार, अंगाच्या कुठल्या भागावर. पांढरा सांगणार, किती. पांढऱ्यावर चारपर्यंत नुसता ओरखडा, लिहायचा नाही. पाच किंवा सहा आलं की कायमची जखम, मोहऱ्याच्या कागदावर लिहायची. लाल एक म्हणजे डोकं: त्यात पांढरा पाच म्हणजे कान, सहा म्हणजे डोळा.

आता हे शेकडो वेळा टाकून बघायला माणूस हवा होता. थोरल्याचे मित्र पहिल्या खेळाच्या वेळीच कंटाळून गेले होते. तेव्हा आई म्हणाली, "मला सांग. मोजायचं काम माझ्याइतकं कोण करणार?"

तिनं शिवणाच्या डब्यातून चार बटणं काढून ओळीत मांडली. पितळी बटण एक नंबर, थोरल्याचा मोहरा. त्याच्या शेजारी काळं, धाकटीचा. मग तपकिरी वडिलांचा, पांढरं तिचा स्वतःचा. फासे टाकायला स्टीलचं ताट घेतलं. आणि मोजणी चुकू नये म्हणून डाव्या हातात माळ घेतली. एक मणी, एक फेक.

एवढीच तिची चूक. हातात माळ आली की ओठ आपोआप हलायचे, आणि फासे टाकताना ते हलत होते हे तिच्या लक्षातही आलं नाही.

दुपारची वेळ. वडील खुर्चीत पेंगत होते. टण्णकन फासे ताटात पडायचे, गिरकी घेऊन थांबायचे, ती आकडे बघायची, जखम आली की मण्याच्या नंबरासकट कागदावर लिहायची, मणी सरकवायची. पंधरावीस फेका झाल्यावर तिला जाणवलं की ताटातला आवाज थांबल्यावर मागच्या खोलीतून आणखी एक आवाज येतो. लाकडावर काहीतरी लहानसं पडून थांबल्याचा. एकच.

धाकटी कामात आहे, तिनं मनाशी म्हटलं. स्क्रू पडत असतील.

पण दर फेकीनंतर? आणि एकदाही फेकीच्या आधी नाही?

४

पहिली माळ संपली. थोरल्यानं कागद बघितले. तपकिरीवर सहा जखमा, पांढऱ्यावर पाच, काळ्यावर नऊ. पितळीवर एकही नाही.

"एक नंबर आलाच नाही?"

"नाही आला."

"आई, एकशे आठ फेकांत हिरव्यावर एकदाही एक नाही? कायमची जखम राहू दे, ओरखडासुद्धा?"

"नाही आला तर मी काय करू? जे आलं ते लिहिलं."

त्यानं फासा उचलून तीसेक वेळा टाकला. एक सहा वेळा आला. ठणठणीत फासा. "पुन्हा टाक," तो म्हणाला.

तिनं दुसरी माळ ओढली. पितळीवर काही नाही. संध्याकाळी तिसरी. काही नाही. थोरल्यानं तिन्ही वेळचे काळ्या मोहऱ्याचे कागद शेजारी शेजारी ठेवले आणि त्याचा चेहरा उतरला.

"हे काय आहे?"

तपकिरीचे आणि पांढऱ्याचे कागद तिन्ही वेळा वेगळे होते, जसे असायला हवेत. काळ्याचे तिन्ही कागद एकसारखे होते. त्याच नऊ जखमा, त्याच क्रमानं. शेवटची तिन्ही वेळा सत्त्याण्णवाव्या मण्याला.

"आई, तू कंटाळून आधीचा कागद उतरवून काढलास. खरं सांग."

"मी?" तिच्या डोळ्यांत पाणीच आलं. "मी माळेवर हात ठेवून खोटं लिहीन?"

"मग माझा मोहरा वाचवण्यासाठी एक गाळलास. तुझं प्रेम माहीत आहे गं मला, पण शुक्रवारी मला खरे आकडे द्यायचे आहेत."

वडील खुर्चीतून म्हणाले, "तुझ्या आईचा हातच तसा. आठवड्यातून एकदा मीठ गायब, आता फाशातला एक गायब."

थोरला लॅपटॉप उचलून आत गेला. ती कागद गोळा करायला लागली, आणि तेव्हा तिनं काळ्या मोहऱ्याचा कागद पहिल्यांदा नीट वाचला.

डावं मनगट. उजवा घोटा. कान. डावी पोटरी. कॉलरबोन. कोपर. फासळी.

ती खाली बसली.

धाकटी सहा वर्षांची असताना झोपाळ्याची साखळी तुटली होती. झोका थोरला घेत होता, तो अलगद वाळूत उतरला, आणि बाजूला उभ्या असलेल्या धाकटीला पाट लागला. डावं मनगट. मग जिन्यावर थोरल्याचा पाय घसरला, त्यानं कठडा धरला, आणि मागून येणारी धाकटी गडगडत खाली. उजवा घोटा. पुस्तकांचं शेल्फ कोसळलं तेव्हा थोरला नुकताच उठून पाणी प्यायला गेला होता. डाव्या कानानं धाकटीला अजून कमी ऐकू येतं. कुंपणाच्या तारेवरून दोघांनी उडी मारली होती, पोटरी हिची फाटली. गेल्या वर्षी स्कूटर: कॉलरबोन, कोपर, फासळी एकदमच. चालवत तो होता.

दर वेळी घरात सगळे तेच म्हणायचे. याच्या पाठीशी देव आहे. आणि ही बाई धडपडी.

तिनं स्वतःला समजावलं. जखमांची नावं थोरल्यानं धाकटीलाच विचारून लिहिली आहेत, मग तक्त्यात तीच येणार, त्यात नवल ते काय? बरोबर आहे. अगदी बरोबर. पण क्रम? क्रम तर फाशांनी लावला होता.

आणि सातावर धाकटीच्या जखमा संपत होत्या. कागदावर नऊ होत्या.

आठवी: उजव्या हाताचं बोट. नववी: लाल एक, पांढरा सहा. डोळा जातो. कायमचा.

५

दुसऱ्या दिवशी सकाळी अकराच्या सुमाराला थोरला बैठकीतल्या काचेच्या कपाटातून जुने नकाशे काढत होता. "धडपडे, जरा दार धर गं, बिजागरी सैल झालीय." धाकटी आली. तिनं दार धरलं. बिजागरी निसटली. थोरल्यानं हात वेळेत काढला.

कंपाउंडरनं धाकटीच्या उजव्या तर्जनीला चार टाके घातले. घरी परतताना रिक्षात आई तिच्या शेजारी बसली.

"दुखतंय?"

"बोट आहे, दुखणारच. आज दुपारी चिमटा धरता आला म्हणजे झालं. एका गिऱ्हाईकाचं जुनं टेबलघड्याळ उघडून ठेवलंय. त्याची स्प्रिंग काढायचीय."

"स्प्रिंग?"

"मुख्य स्प्रिंग. घट्ट गुंडाळलेली असते. नीट नाही धरली तर सुटते, चेहऱ्यावर येते." मग आईकडे वळून ती हसली. "एवढी काय पांढरी पडतेस? मी रोज काढते."

"ती राहू दे. परत देऊन टाक घड्याळ."

"का?"

धाकटी रिक्षाबाहेर बघायला लागली. बाहेर बघतच ती म्हणाली, "आई, मी जेवायला बाहेर का येत नाही, कधी विचारलं नाहीस."

"तुझं काम असतं म्हणून..."

"काम कुठलं? मी त्याच्या शेजारी बसत नाही. स्कूटरनंतर ठरवलं. आज विसरले."

"असं बोलू नये गं. तुझा भाऊ आहे."

"त्याचा काय दोष? त्यानं थोडंच मागितलं होतं." तिचा आवाज चढला नाही, चढला असता तर बरं झालं असतं. "तू दवाखान्यात काय मागितलंस ते बाबांनी मला दहाव्या वर्षी सांगितलं. कौतुकानं सांगितलं. म्हणाले, तुझ्या आईनं देवाला ठणकावलं, दुसरीकडून ने म्हणाली. मी विचारलं, तेव्हा मी कुठे होते? म्हणाले, तू तिच्या मांडीवर होतीस."

रिक्षावाल्यानं हॉर्न वाजवला.

"मला वाटायचं, एक दिवस तुझ्या लक्षात येईल," धाकटी म्हणाली. "तू एवढं मोजतेस सगळं."

६

घरी आल्यावर आई थेट थोरल्याच्या टेबलाशी गेली.

"तुझ्या नियमांत एक नियम घाल. एकावर वार आला, तर दुसऱ्याला आडवं येता आलं पाहिजे."

थोरल्यानं कपाळाला हात लावला. "आई, तो नियम आधी कुणी घालून बघितला नसेल असं वाटतं का तुला? सगळे मिळून जखमा वाटून घेतात, कुणालाच काही होत नाही. सगळे आया झाले तर लढाई कसली?"

"फुकट कुठे म्हणतेय मी? आडवं येणाऱ्यानं फासा पडायच्या आधी बोललं पाहिजे. मोठ्यानं. काय जखम येणार ते त्याला माहीत नसावं. आणि एकदा घेतली की ती परत देता येणार नाही, बरी करता येणार नाही, दुसऱ्या कुणावर ढकलता येणार नाही."

तो लिहिता लिहिता थांबला. पहिल्यांदाच त्यानं आईकडे नीट बघितलं. "हे तुला कुठून सुचलं?"

"उलट्या बाजूनं," ती म्हणाली. "तू लिही. मी टाकून बघते."

दुपारी साडेतीनला तिनं ताट घेतलं, बटणं मांडली, माळ घेतली. वडील पेंगत होते. थोरला आतल्या खोलीत फोनवर प्रकाशकाशी बोलत होता. मागच्या खोलीचं दार लोटलेलं होतं, आणि आतून घड्याळांची टिकटिक येत होती, नेहमीसारखी विस्कळीत, बाजारातल्या गलक्यासारखी.

तिनं ठरवलं होतं की आज ते शब्द म्हणायचे नाहीत. पण सव्वीस वर्षांची सवय. पहिल्याच मण्याला ओठ हलले. दुसऱ्याला तिनं दात आवळले, तरी जीभ आतल्या आत तेच म्हणत होती. टण्ण. ताटातला आवाज थांबला. मागच्या खोलीत लाकडावर काहीतरी थांबलं.

तिसावा मणी. पन्नासावा. काळ्याच्या कागदावर एकेक जखम उतरत होती: मनगट, घोटा, कान. तिला वाटलं, टाकूच नये. उठावं, फासे खिडकीतून फेकून द्यावेत. पण मग वाटलं, फासे टाकायच्या आधीही हे चाललंच होतं की. फाशांनी फक्त दाखवलं.

नव्वदाव्या मण्याला आठवी जखम लिहून झाली आणि तिच्या लक्षात आलं, की मागच्या खोलीतली टिकटिक बदलली आहे. सगळी घड्याळं एकत्र वाजत होती. एक ठोका, मग शांत. एक ठोका, मग शांत. तिनं मणी सरकवला, ठोका पडला. तिनं अंगठा तसाच धरून ठेवला. ठोकाही थांबून राहिला.

घड्याळं आहेत, कधीतरी जुळणारच, ती स्वतःला म्हणाली. बोलता बोलता तिला स्वतःचाच आवाज अनोळखी वाटला.

एक्क्याण्णव. चौऱ्याण्णव. शहाण्णव.

तिनं तीन फासे मुठीत घेतले, पण टाकले नाहीत. माळेतला शहाण्णवावा मणी बोटात धरून ती उठली आणि मागच्या खोलीकडे गेली. दार चार बोटं उघडं होतं.

धाकटी पाठमोरी बसली होती. दिव्याखाली मान वाकवलेली, डोळ्याला भिंग, टाके घातलेलं बोट वर उचलून उरलेल्या बोटांत चिमटा. घड्याळ परत दे म्हटलेलं तिनं ऐकलं नव्हतंच. तिच्यासमोर टेबलघड्याळाचं पितळी डबडं उघडं होतं.

तिच्या शेजारच्या स्टुलावर कुणीतरी बसलं होतं.

खोलीतलं कपाट आडवं येत असल्यामुळे आईला पूर्ण दिसलं नाही. तिनं पूर्ण बघायचा प्रयत्नही केला नाही. दिसला तो एक हात, टेबलाच्या कडेवर टेकलेला. बाईचा, वय झालेला, कामानं राठ झालेला. घाई नसलेला. कुणाचं तरी सांगितलेलं काम नेमानं करणाऱ्या माणसाचा हात असतो तसा. त्या हातात माळ होती. शहाण्णवावा मणी बोटात धरलेला, आणि त्याच्या खाली लाल दोऱ्याची गाठ.

तिनं आपल्या हाताकडे बघितलं. माळ तिच्या हातातच होती. लाल गाठ तिथंच होती.

त्या हाताचा अंगठा हलला, मणी सरकवायला.

"थांब," ती मोठ्यानं म्हणाली. "मी आडवी येते."

धाकटी दचकली. "आई?"

आई तीन पावलांत टेबलापाशी गेली. स्टूल रिकामं होतं, पण बसली तेव्हा ते ऊबदार लागलं, नुकतंच कुणी उठल्यासारखं. तिनं धाकटीची मान आपल्या खांद्याकडे ओढली आणि मुठीतले फासे टेबलावर टाकले.

"अगं, स्प्रिंग धरलीय मी! सोड! आई, सोड..."

लाकडावर फासे थांबल्याचा आवाज आला. या वेळी एकदाच.

७

आईचा डावा डोळा गेला. डॉक्टर म्हणाले, दुसरा वाचला हे नशीब. वडील दवाखान्याच्या बाकावर तिचा हात धरून बसले, आणि एकही विनोद त्यांना सुचला नाही. धाकटी कोपऱ्यात उभी होती. तिला साधं खरचटलंही नव्हतं. आपल्या हातापायांकडे ती अशी बघत होती जणू ते कुणाचे तरी उसने आणलेले आहेत.

थोरल्यानं शुक्रवारी नियम पाठवले. प्रकाशकाचा सोमवारी फोन आला. बाकी तक्ता ठीकठीक, पण आडवं येण्याचा नियम फार सुंदर आहे, म्हणाला. तो वाचून माझ्या अंगावर काटा आला, कुठून सुचला? थोरल्यानं एकदा आईच्या डोळ्यावरच्या पट्टीकडे बघितलं, एकदा बहिणीकडे. "सुचला," तो म्हणाला. त्याला अजूनही काही झालं नव्हतं. पण त्या दिवसापासून त्यानं बहिणीला धडपडी म्हणणं सोडलं, आणि कुठलंही दार उघडताना आधी तो मागे वळून बघतो.

धाकटी आभार मानायला आली नाही. आईनं तशी अपेक्षाही केली नव्हती. एवढंच म्हणाली, "सव्वीस वर्षं लागली तुला." पण रात्रीच्या जेवणाला ती आपलं ताट घेऊन बाहेर आली. भावाच्या शेजारची खुर्ची सोडून तिच्या पलीकडची घेतली. आईकडे बघून तिनं मधल्या खुर्चीकडे हनुवटी हलवली.

आई मधे बसली. तेव्हापासून रोज तिथंच बसते.

माळ तिनं सोडली नाही. शब्द मात्र बदलले. सवय मोडायला फार वेळ लागला. अजूनही एखाद्या मण्याला जीभ जुन्या वाटेला जाते, आणि मग ती सगळी माळ पुन्हा पहिल्यापासून ओढते. मणी सरकला की अर्ध्या क्षणानं दुसरा मणी सरकल्याचा आवाज तिला येतो. पूर्वी तो मागच्या खोलीतून यायचा. आता डाव्या बाजूनं येतो, अगदी कानाजवळून, जिथलं तिला दिसत नाही. ती तिकडे मान वळवत नाही. असू दे, म्हणते. आहे तर माझ्याकडेच आहे ना. जोवर माझ्यापाशी बसली आहे तोवर पोरीकडे गेलेली नाही.

तर बायांनो, ही एवढी हकीकत. तुम्हीही मागत असाल. लेकरू तापानं फणफणलं की कोण मागत नाही? मागा, जरूर मागा. ऐकणारा ऐकतो, तिला अजूनही तसंच वाटतं. फक्त "दुसरीकडून" म्हणू नका. मागायच्या आधी डोळे उघडा आणि मांडीवर कोण आहे ते बघा. आणि कुणाची तरी जागा सांगावीच लागली, तर आपली सांगा. मोठ्यानं सांगा, फासा पडायच्या आधी. आज संध्याकाळीच, जेवायला बसाल तेव्हा, आपली खुर्ची तेवढी मधे सरकवून घ्या.